दंडावरचा एकच दाणा

नागभीडकडच्या आमच्या गावाबाहेर मिशनचा दवाखाना होता. माझी माय तिथे पाणी भरायची. ओसरीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक विलायती चित्र होतं. ढगातला देव संतापून हात उगारतो आहे, त्याची आई त्याला अडवते आहे. खाली पृथ्वीचा गोळा आणि त्यावर झगा पसरून आडवा पडलेला एक साधू.

मायनं विचारलं, "हा साधू काऊन झोपला जी?"

सिस्टरबाई म्हणाल्या, "झोपला नाही. देवाच्या रागापासून जगाला झाकतो."

घरी येताना माय म्हणाली, "त्यायच्या देवाले आवराले माय तरी आहे. आपली माताच कोपली तर तिचा हात कोण धरन?"

त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला माता आली, म्हणजे देवी. मी तेव्हा तिसरीत होते. दारात कडुनिंब टांगला, फोडणी बंद झाली. औषधानं माता कोपते, म्हणून औषध नाही. मला देवीची लस टोचायला सिस्टरबाई आल्या, तर मायनं उंबऱ्यावरच अडवलं. "तुमच्या इथी पाणी भराले येतो मी, पन सुई माह्या घरात नाई."

मला मरायचं नव्हतं. माता आलेल्या घरातून बाहेर पडायचं नसतं, तरी दुसऱ्या दिवशी गुपचूप दवाखान्यात गेले आणि दंड पुढे केला. गावात तोवर कुणी टोचून घेतलं नव्हतं.

आठ दिवसांनी मला ताप भरला. मायनं पोलक्याची बाही वर केली. दंडावर, टोचलं होतं तिथेच, एक फोड. तिला वाटलं, मातेनं मलाही धरलं. तिनं पदर पसरला आणि त्या साधूसारखी माझ्यावर पालथी पडली. "इले नको नेऊ. मले ने."

दिवसभर ती उठली नाही. मी पदराखाली गुदमरत होते. पलीकडे बहीण पाणी मागत होती. सुई टोचून घेतली, एवढं बोलले असते तर माय उठली असती. मी बोलले नाही. माराची भीती होती आणि मातेचीही. दिवस मावळायच्या आत बहीण गेली.

माझ्या अंगावर दुसरा फोड आला नाही. बाया बघायला येत. माय माझी बाही वर करून दाखवी, "पदर टाकला म्हून एकच दाणा देऊन सोडलं मातेनं."

एक म्हातारी म्हणाली, "मंग धाकटीवर काऊन नाई टाकला व?"

मायनं माझी बाही खाली ओढली. त्यानंतर कुणाला दाखवली नाही.

दवाखान्यात ती पुढेही पाणी भरत राहिली, पण मागच्या दारानं. चित्र होतं त्या ओसरीवर पाय ठेवला नाही. खरं सांगितलं तर तिला जास्त दुःख होईल, असं मी स्वतःला समजावत आले. ते खोटं आहे. मी भीत होते. माय मरेपर्यंत सांगितलं नाही.