मांडीवरची पेटी

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी मी साताऱ्याहून सांगलीला निघालो होतो. एसटी खच्चून भरलेली. मी उभा होतो आणि हातात प्रयोगाची पेटी होती. खिडकीशी बसलेल्या म्हातारीनं, एसटीत सगळे करतात तसं, न विचारता ती आपल्या मांडीवर ओढून घेतली.

"जपून मावशी, आत दोन स्फटिक आहेत."

"कशाला रं त्ये?"

"डोक्याच्या दोन्ही बाजूंना धरायचे. औषध टोचलं की ते दुखण्याच्या जागी साठतं आणि तिथून दोन किरण उलट दिशांना निघतात. दोन्ही स्फटिक एकदम चमकले, की दुखणं त्यांच्या मधल्या रेषेवर."

"मंग डोस्कं फाडाय नगं?"

"नको."

मग तिनं घोंगडीची घडी पेटीखाली सारली. खड्डा आला की पेटी अलगद उचलायची आणि धक्का स्वतः खायची.

"माज्या लेकीच्या डोस्क्यात गाठ हाय. उद्या फाडनार हाईत. कवा व्हईल तुजं यंत्र?"

"वर्षं लागतील, मावशी."

सांगलीला पेटी परत देताना तिनं पेटीच्या दोन्ही अंगांवरून तळवे फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"दिष्ट लागाय नगं. कुनाच्या तरी लेकीच्या कामी यील."

पेटी उघडली तेव्हा स्फटिकांना साधी चीरसुद्धा नव्हती. तिच्या लेकीचं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.