पंख्याच्या सुराला लावलेली शिट्टी

लाँड्रीच्या तळघरात उतरायला सोळा पायऱ्या आहेत. खाली डावीकडे बॉयलर, उजवीकडे पाण्याच्या टाक्या आणि समोरच्या भिंतीत लोखंडी जाळीमागे बसवलेला, मोटारीच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा. वर अकरा हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुतले जातात, त्यासाठी लागणारी वाफ इथे तयार होते. बॉयलरचा धूर ओढून बाहेर टाकायचं काम पंख्याचं. या धुरातला जीवघेणा भाग डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही. म्हणून पंख्याशेजारी पाटी आहे : 'पंखा थांबला तर आधी बाहेर पडा, मग कळवा.' ही पाटी बॉयलरवाल्यानं एकतीस वर्षांत दोनदा स्वतःच्या हातानं नव्यानं रंगवली होती.

पगार बॉयलरसाठी, पण ओळख वेगळीच. इस्त्रीखात्यातल्या बायका त्याला शिट्टीमामा म्हणत. त्याच्या कामाच्या कोटाच्या आतल्या खिशात कायम एक टिन व्हिसल असे. फूटभर पत्र्याची नळी, सहा भोकं, तोंडाशी निळ्या प्लॅस्टिकची चोच. दुकानात ही वस्तू फुगे आणि भोवऱ्यांच्या शेजारी टांगलेली असते. त्यावर तो जॅझ वाजवायचा.

हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. सहा भोकांतून सात सरळ सूर निघतात. जॅझला हवे असलेले मधले, घसरत येणारे, जरा वाकडे सूर त्या नळीत नसतातच. ते काढायचे तर भोक पूर्ण उघडून चालत नाही, पूर्ण झाकूनही नाही. बोटाची कड उचलायची आणि अर्धं ठेवायचं. त्याला हे जमायला सहा वर्षं लागली. कँटीनच्या रेडिओवर सॅक्सोफोन ऐकून विशीत तो या नादाला लागला होता. मग सॅक्सोफोनच का नाही शिकला, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "वाफेच्या काट्यावर डोळा ठेवून वाजवता येईल असं दुसरं वाद्य दाखवा, उद्यापासून तेच वाजवतो."

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वर वाळवणीच्या मशीनवर होता. बॉयलर चालवायचा परवाना त्याच्याकडेही होता, त्यामुळे नडीअडचणीला तो खालची पाळी सांभाळायचा. दुपारी डबा खायला तो रोज तळघरात यायचा आणि दाजींची टिंगल केल्याशिवाय घास गिळायचा नाही.

"दाजी, तुमची शिट्टी सुरू झाली ना, की वर चादरी आपोआप घड्या घालून घेतात."

"का रे?"

"पळून जायची घाई!"

तळघरात साथीला दुसरं वाद्य नव्हतं. पंखा होता. पंख्याचा एकसारखा घुमणारा सूर शिट्टीच्या सगळ्यात खालच्या सुराच्या, डीच्या, इतका जवळ होता की चोच किंचित सरकवली की दोन्ही एक व्हायचे. मग मागे तो सूर धरून ठेवायला माणूस बसवल्यासारखं वाटे. दर सोमवारी सकाळी तो शिट्टी कोमट पाण्यात धुवायचा, चोच परत बसवायचा, पंख्यासमोर उभा राहून डी फुंकायचा आणि सूर जुळला त्या जागी नळीवर सुईनं बारीक रेघ मारायचा. वर्षानुवर्षं रेघ त्याच जागी पडत गेली. तिथं आता पत्र्यात छोटी खाच झाली होती.

त्या हिवाळ्यात पंख्याच्या दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी रेघ खाचेच्या जरा पुढे पडली. पुढच्या सोमवारी आणखी जरा पुढे. चोच बाहेर ओढली की शिट्टीचा सूर उतरतो; पंख्याशी जुळायला ती दर आठवड्याला थोडी बाहेर ओढावी लागत होती. थंडीचा परिणाम, असं त्यानं ठरवलं. मशीनकडे त्याचं लक्ष नव्हतं असं नाही. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, तेल, सगळं तो वेळच्या वेळी बघायचा. पण शिट्टी हातात घेतली की पंखा त्याच्यासाठी मशीन राहत नसे. ज्यांच्या घरी तो तालमीला जायचा त्या पियानोवाल्या बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की पियानो कुणासाठी सूर बदलत नाही, बाकीच्यांनी त्याच्याकडे यायचं. तळघरात पियानोची जागा पंख्याची होती. त्यानं सूर जुळवून घेतला.

पंख्यासमोरच्या भिंतीत, जमिनीलगत, बाहेरची हवा आत यायला झरोका होता. तिथून येणाऱ्या गार झोतानं शिट्टी थंड पडायची, ओठ बधिर व्हायचे. झरोका उघडा ठेवायचा असतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून त्यानं तो पूर्ण बंद केला नाही. जुन्या चादरीची घडी करून अर्धाच झाकला.

याच सुमारास त्याचं डोकं दुखायला लागलं. दुपारनंतर कानशिलं ठणकायची, घरी पोचून तास-दोन तास झाले की ठणका उतरायचा.

"अहो, गुरुवारी बरं दुखत नाही तुमचं डोकं," बायको म्हणाली. गुरुवार त्याच्या सुट्टीचा. "त्यालाही पगारी दिवसच लागतो वाटतं."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"मग चष्मा गुरुवारी कमी घालता का?"

दोघंही हसले. नंबर तपासून आणायचं तेवढं राहून गेलं. मेहुणाही डबा खाता खाता जांभया देऊ लागला होता. बहीण त्याला रात्री सिनेमे बघतो म्हणून झापायची.

एका शनिवारी टाउन हॉलमध्ये संध्याकाळचा कार्यक्रम ठरला. तिघांचा : पियानोवाल्या बाई, मोठं उभं बास वाजवणारा बसचा ड्रायव्हर आणि शिट्टी. एकतीस वर्षं तळघरात वाजवणारा माणूस पहिल्यांदा खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर वाजवणार होता. आधीच्या रविवारी दुपारी तीनला बाईंच्या घरी शेवटची मोठी तालीम होती. रविवार त्याच्या पाळीचा.

"त्यात काय, दाजी," मेहुणा म्हणाला. "रविवारी तुम्ही जा तालमीला. मी आहे ना."

"पेपर वाचत बसशील."

"बसणारच. काट्याला काय माझा चेहरा बघायचाय?"

त्यानं मेहुण्याला काटे पुन्हा एकदा दाखवले, पाटी दाखवली. पाटी तोंडपाठ आहे, मेहुणा म्हणाला, आणि लष्करी सलाम ठोकून त्यानं ती म्हणून दाखवली.

बाईंच्या पुढच्या खोलीत पियानोखेरीज फार काही नव्हतं. ड्रायव्हर बासच्या तारा पिळत होता. बाईंनी डी दाबला. शिट्टीवाल्यानं फुंकला. बाईंनी हात उचलला, पुन्हा दाबला.

"उतरलीय तुमची शिट्टी," त्या म्हणाल्या. "थोडीथोडकी नाही."

"मागच्या महिन्यात पियानो लावून घेतलात, तेव्हा चढवला असेल."

"चढवलेला नाही. हा बास बघा की, माझ्याशी जुळतोय."

"थंडी आहे, बाई."

बाई चाळीस वर्षं शाळेत संगीत शिकवत होत्या. चुकीचं उत्तर मिळालं की त्या गप्प बसत नसत. त्यांनी शिट्टी हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"थंडीत शिट्टी उतरते. सूर चढवायला चोच आत ढकलावी लागते. तुम्ही तर बाहेर ओढलीय. आणि हे काय, रेघा? किती आहेत या?"

नऊ होत्या.

"कुणाशी जुळवत होतात?" बाईंनी विचारलं.

त्यानं शिट्टी परत घेतली. शिट्टी जुनीच होती. पियानो होता तिथेच होता. नऊ आठवडे खाली सरकत होता तो पंख्याचा सूर, आणि पंख्याचा सूर खाली सरकतो तो मोटारीवरचा पट्टा घसरायला लागला की. हे सगळं त्याच्या डोक्यात एका ओळीत आलं, असं त्यानं नंतर सांगितलं. आणि मग झरोक्यातली चादर.

बाईंच्या फोनवरून त्यानं तळघराचा नंबर फिरवला. मेहुणा दुसऱ्या रिंगला फोन उचलायचा आणि "स्मशानभूमी" म्हणायचा. या विनोदावरून त्याला दोनदा समज मिळाली होती. अकरा रिंग झाल्या. त्यानं ठेवून पुन्हा लावला. बाई पियानोच्या झाकणावर हात ठेवून उभ्या होत्या. चौदा रिंग झाल्यावर ड्रायव्हरनं बास भिंतीला टेकवला आणि गाडीची किल्ली काढली.

रविवारी वर फक्त दोन मशीन चालू असतात. तिथल्या बाईनं त्याला धावत येताना पाहिलं आणि विचारलं, "मामा, आज सुट्टी ना?" त्यानं तिला इमारतीबाहेर जायला सांगितलं आणि तळघराचं दार उघडलं.

खालून मोटारीचा आवाज येत होता. नेहमीसारखाच, भरलेला, न थांबणारा. पेपर वाचत बसलेल्या माणसाला काही थांबलंय असं वाटलं नसतं. मोटार फिरत होती. पंखा उभा होता. पट्टा जाळीच्या तळाशी पडला होता.

पाटीवर काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं. त्यानं दारातच छाती भरून घेतली. संथ लयीत एका श्वासात आपण बत्तीस मात्रा ओढतो, हे त्यानं अनेकदा मोजलेलं होतं. उतरायला सोळा पायऱ्या, चढायला सोळा. मेहुणा खुर्चीत होता, हनुवटी छातीला लागलेली, पेपर मांडीवर नीट घडी केलेला. चेहरा गुलाबी, तब्येत सुधारल्यासारखा. त्याला काखेत धरून मागे मागे ओढत आणताना श्वास अकराव्या पायरीवर संपला. पुढच्या पाच पायऱ्या त्यानं कशा काढल्या ते त्याला आठवत नाही. वरून ड्रायव्हरनं मेहुण्याची कॉलर पकडली.

चौकशीला आलेल्या इन्स्पेक्टरनं दुरुस्तीची वही मागितली. नऊही आठवड्यांच्या खान्यात पंख्यापुढे 'ठीक' लिहिलेलं होतं. पाच खान्यांत ते अक्षर शिट्टीवाल्याचंच होतं. मग इन्स्पेक्टरनं शिट्टी मागून घेतली, मोजपट्टी लावली. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत अकरा मिलिमीटर भरले.

"हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"ऐकू येत होतं, साहेब. म्हणून तर जुळवत होतो."

इन्स्पेक्टरनं ते वाक्य लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि खाली सही घेतली. शिट्टीवाल्याला बॉयलरवरून काढून वर घडीखात्यात टाकलं. शनिवारचा कार्यक्रम बाई आणि ड्रायव्हर दोघांनी केला. शिट्टी परत मिळाली तेव्हा तिला दोऱ्यानं एक नंबराचा कागद बांधलेला होता. तो त्यानं सोडलेला नाही.

मेहुणा वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला. चालतो, जेवतो, सगळ्यांना ओळखतो, जुने विनोद अचूक जागी करतो. डॉक्टरांनी सांगितलं की जुनं बहुतेक सगळं आठवतं, नवीन मात्र लक्षात टिकणार नाही. त्याच्या लेखी तालमीआधीचा तो आठवडा अजून संपलेला नाही. बहीण त्याला आपल्या घरी घेऊन आली. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याची खुर्ची आहे. ती खिडकी शिट्टीवाला कडाक्याच्या थंडीतही पूर्ण उघडी ठेवतो, आणि बायको आता त्याला काही म्हणत नाही. डोकेदुखीचा विषयही घरात निघत नाही.

परवा संध्याकाळी तो कामावरून आला, कोट खुंटीला लावला. मेहुण्यानं पेपर खाली केला.

"दाजी, शनिवारचं ठरलं ना तुमचं? टाउन हॉलचं?"

"ठरलं."

"मग तालीम?"

बायको स्वयंपाकघरात भांडं विसळत होती. तिनं नळ बंद केला.

"रविवारी आहे," तो म्हणाला.

"मग तुम्ही जा," मेहुणा म्हणाला. "मी आहे ना."