आत्याची न भरणारी जखम

आत्या घरात यायच्या आधी तिच्या पायाचा वास यायचा. सडल्यासारखा, गोडसर, घशाशी येणारा. तरुणपणी वणीजवळच्या घरी उकळत्या पाण्याचं पातेलं तिच्या नडगीवर उलटलं होतं. ती जखम पुरती भरलीच नाही. खपली धरायची, हारांसाठी झेंडू खुडताना काटकी लागली की पुन्हा उघडायची. गावात कुणी जखमेवर चुना लावला, कुणी तंबाखू, कुणी चुलीतली राख.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा जखमेच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या वर आल्या. वडिलांनी आपल्या या बहिणीला नाशिकला आमच्याकडे आणलं. मी डी.एड. करत होते, ड्रेसिंग माझ्याकडे आलं. पट्टी सोडताना पुवाची तार ओढली जायची. मी मोरीत जाऊन ओकून यायचे आणि पुन्हा बसायचे.

"ऱ्हाऊ दे पोरी, मी करते," आत्या मान वळवून म्हणायची.

जखमेची किळस सवयीनं कमी झाली. माणसांची वाढत गेली. शेजारी राहणाऱ्या काकूनं आत्याचा कप खिडकीबाहेर ठेवायला लावला. "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार," असं ती आत्याच्या तोंडावर म्हणायची आणि नाकाला पदर लावून तिथंच चिवडा चघळत बसायची.

इस्पितळात जखमेचा तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी आत्यालाच समोर बसवलं.

"मावशी, जखम भरायला कातडी सतत नव्या पेशी बनवते. दर वेळी पेशीतल्या डीएनएची नक्कल होते. नक्कल करताना चुका होतात. बऱ्याचशा शरीर दुरुस्त करतं. पण तुमची जखम इतकी वर्षं उघडी. पेशी बनतच राहिल्या, चुका साठत गेल्या. शेवटी एका पेशीतला 'आता वाढू नको' हा हुकूमच बिघडला. ती पेशी वाढत सुटली, आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशींत तोच बिघाड उतरला."

"म्हंजे पापबिप नाय?"

"नाही."

"आन् या पोरीला लागंल का?"

"नाही हो. हा बिघाड तुमच्या पायातल्या पेशींत झालाय. तो शिवल्यानं लागत नाही, रक्तातून पुढच्या पिढीत जात नाही."

आत्यानं पहिल्यांदा माझा हात धरला.

मी हे सगळं घरी जसंच्या तसं सांगितलं. तिथंच बसलेली काकू ऐकून गेली आणि मला बघायला येणार होते त्या लोकांकडे स्वतः जाऊन सांगून आली, "त्यांच्या घरात कॅन्सर आहे." ते आलेच नाहीत. मला त्या स्थळाचं काही वाटलं नाही. पण आम्हाला हे येऊन सांगताना काकूच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, त्याची किळस आली. पुवाची इतकी कधी आली नव्हती.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कॅन्सर पुढं पसरला नव्हता. आत्या घरी आली त्या दिवशी काकू दारातूनच म्हणाली, "आता वास तर येणार नाही ना?"

आत्या शांतपणे म्हणाली, "माझा नाय येणार."

नंतर कृत्रिम पाय लावून ती गावी परतली आणि पुढं बरीच वर्षं हार ओवत राहिली.