तिरक्या रेघेपायी थांबलेलं मैदान

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं तालमीत शिकलो, त्यामुळं कुणाचं लवकर ऐकायची सवय नाही.

गेल्या यात्रेत आमच्या कुस्तीच्या मैदानात मोठा पडदा लावला होता. तालमीतला माझा जोडीदार त्याआधीच वारला होता. पहिली कुस्ती लागायच्या आधी त्याचा फोटो पडद्यावर यावा, एवढीच माझी मागणी. त्याची बायको मेढ्याहून त्यासाठीच आलेली.

फोटो दाखवायचा प्रोग्राम माझ्या लेकीनं सांगलीत, तिच्या लॅपटॉपवर लिहिला. फोटो कुठं ठेवलाय त्याचा पत्ता त्यात घालावा लागतो, म्हणाली.

"मग पुरता घाल. पैलवान पुकारत्यात तवा गाव, तालुका, तालीम समदं सांगत्यात."

"आबा, हितं तसं नसतंय."

मी हटलो नाही. तिनं कंटाळून पुरता घातला.

मैदानातल्या कॉम्प्युटरवर पडदा काळा तो काळाच. लेक म्हणाली, "हितली सिस्टीम येगळी हाय. माझा पत्ता सी ड्राइव्हपासनं सुरू हुतो, हितं सी न्हाईच. आन् मधल्या तिरक्या रेघा हितं उलट्या कलत्यात."

"रेघ कुठं बी कलू दे. फोटो तुज्या प्रोग्रामच्या शेजारीच ठेवलाय की गं."

"त्येच सांगत हुते. शेजारी बघ, एवढंच लिवायचं हुतं."

हलगी थांबली. पंच आले. "आवं आबा, जोड लावू का? पोरं गार पडली."

"लाव बघू. मी आखाड्यात आडवा पडतो."

"ह्या वयात पडलासा तर उचलायला जोडीच बोलवाय लागंल."

लोक हसले. लेकीनं सीपासूनचा लांब पत्ता खोडला, उरली ती रेघ बदलली. "ही रेघ दोन्हीकडं चालती," म्हणाली.

"मग दुसरी ठेवलीच कशाला?"

"ते मला बी ठावं न्हाई."

अशी ही शिकल्यासवरल्यांची तऱ्हा. एक रेघ कुठं कलायची ते आपसांत ठरवता येईना, आणि खोळंबा आमचा.

तेवढ्यात पडदा उजळला. तुटके कान, बसकं नाक, छाती पुढं. वहिनी वर बघत म्हणाल्या, "आवं भावजी, येवढा मोठा कशाला क्येला? घरात कवा असं त्वांड वर करून बसलं न्हाईत."

जोड लावायची खूण मिळावी म्हणून पंचांनी माझ्याकडं बघितलं. वहिनींची मान खाली येईपर्यंत मी हात वर केला नाही.