दोह्यात भरलेली रापण

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कोणी असले किस्से सुरू केले की मी चहा टाकायला उठते. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं... तेही भर दुपारी, दोह्यातल्या एका हॉस्पिटलात, लख्ख उजेडात.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला इथल्या फरीज बिन ओमरान भागात. माझ्या धाकट्या लेकाला, अयानला, थॅलेसेमिया, सारखं रक्त चढवावं लागायचं. ट्रान्सप्लांटसाठी जुळली ती त्याची अकरा वर्षांची बहीण, झोया. "विल ही बी ओके देन?" एवढंच तिने डॉक्टरांना विचारलं आणि तयार झाली. मराठी सगळं कळतं बाईसाहेबांना, उत्तर मात्र इंग्रजीतच!

आधी इंजेक्शनं देऊन तिच्या रक्तातल्या स्टेम सेल, म्हणजे नवं रक्त बनवणाऱ्या पेशी, वाढवल्या. मग तो दिवस आला. एका हातातून रक्त मशीनमध्ये जायचं, सेल वेगळ्या व्हायच्या, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत. मुठीत रबरी बॉल — तो दाबत राहिलं की रक्त नीट येतं. थोड्याच वेळात पोर थकली. मशीन सारखं वाजायला लागलं. मल्याळी सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "फ्लो नहीं आया तो बेहोश करके गले में लाइन डालनी पडेगी."

आणि झोया डोळे मिटून पुटपुटायला लागली — "वढ... सोड... वढ... सोड..." त्याच तालात बॉल दाबत. मशीन वाजायचं थांबलं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. माझे अब्बा गावच्या किनाऱ्यावर रापण ओढायचे — म्हणजे दोन्ही टोकांना माणसं लागतात ते मोठं जाळं. ही त्यांची हाळी! अब्बा तर झोयाच्या जन्माआधीच गेले. घरात आम्ही 'ओढ' म्हणतो, 'वढ' नाही. खरं सांगू? तिच्या तोंडून ऐकेपर्यंत मलाही ती हाळी आठवत नव्हती.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. "मम्मी, व्हॉट्स रापण? ही सेड, रापण भरली. खलास."

"कोण गं?"

"दॅट ओल्ड अंकल. ही वॉज होल्डिंग माय हँड." मग नाक मुरडून, "ही स्मेल्ड ऑफ फिश."

खोलीत आम्ही तिघीच होतो.

नंतर लॅबचा फोन आला. सेल पुरेशा... नव्हे, भरपूर! उद्या परत यायला नको. एरवी चारचौघांत न रडणारी मी, सिस्टरच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

आमचे हे म्हणतात, "तूच कधीतरी बोलली असशील." म्हणू देत. पण माझ्या लेकीने भावासाठी काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि त्या अभिमानाने माझा ऊर अजून भरून येतो.

झोयाच्या सेल अयानच्या अंगात रुजल्या, आता त्याला रक्त चढवावं लागत नाही. परवा शेजारणीने त्याचा गालगुच्चा घेत विचारलं, "एवढं लालबुंद रक्त कुठून आणलंस रे?" तो तोंड उघडायच्या आत झोया पुढे झाली आणि चक्क मराठीत म्हणाली —

"मी वढलं!"