पुलाची इर्जिक

आमच्या वस्तीत एक रीत होती आणि लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला तिचा राग होता. बाई गरोदर असेल आणि दिवस पावसाळ्यात भरणार असतील, तर मृग लागायच्या आधीच तिला ओढ्यापलीकडे धाडायचं. ओढा भरला की वस्ती तुटायची. भोरचा दवाखाना राहिला दूर, समोरचा एसटीचा फाटासुद्धा नुसता बघत बसायचा. माझी लेक माहेरी झाली ती त्यामुळेच. पण माझ्या धाकट्या जावेला माहेरच उरलं नव्हतं. आईवडील गेलेले, भावाने दार लावून घेतलेलं, आणि दिवस भरत होते ऐन श्रावणात. "ताई, म्या कुठं जायचं?" असं ती विचारायची. मी रागाने भांडी आपटायची.

त्याच उन्हाळ्यात ओढ्यावर पुलाचं काम सुरू झालं. वस्तीला झालेला आनंद आठवडाभरही टिकला नाही. लाकडं आणायला गेलेल्या बायकांनी डोळ्यांनी पाहिलं, की पूल तोलणाऱ्या काठाच्या भिंतीच्या पोटात सिमेंटऐवजी ओढ्यातली माती आणि गोटे चाललेत. वरून मात्र गुळगुळीत गिलावा. कामाची माहिती देणारा फलक तर लागलाच नव्हता. मी माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रकाची नक्कल मागवली. ती आली, आणि तिच्यात सगळं मजबूतच लिहिलेलं होतं. कागदावरची भिंत कधी पडत नाही.

ठेकेदार आमच्याच भागातला, जिभेवर साखर ठेवूनच बोलणारा. फलकाचं विचारलं की हसायचा. "वहिनी, फलक कशाला? घरचं काम हाय हे. मी काय परका हाय का?" मी तोंड सोडणार, तोच सासूबाई मध्ये बोलल्या. त्या एरवी घरातसुद्धा मोजकंच बोलतात.

"घरचं काम म्हणताय, तर इर्जिक घालू. सारी वस्ती ईल हाताखाली. दुपारचं जेवान आमचं. सायबास्नी बी बलवा."

साहेब म्हणजे या कामावरचे सरकारी अभियंते. फुकटचे हात आणि वर जेवण, ठेकेदाराने लगेच मान डोलावली.

इर्जिक आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकाच्या शेतात सगळ्यांनी मजुरी न घेता राबायचं आणि घरवाल्याने त्यांना जेवू घालायचं. पण आमच्या वस्तीत तिला एक शेपूट आहे. स्वतः जेवायला बसण्याआधी घरवाल्याने सगळ्यांना काम फिरून दाखवायचं. कुठं कच्चं निघालं, तर ते पक्कं होईपर्यंत त्याच्या पुढ्यात अन्न वाढत नाहीत. आणि ठेकेदार तर स्वतःच्या तोंडानेच घरचा झाला होता.

सकाळपासून वस्ती राबली. दुपारी ओढ्याकाठच्या करंजाखाली पंगत बसली. तांदळाच्या भाकरी, वाटाण्याची आमटी, भात. मजुरांना वाढून झालं. साहेब आणि ठेकेदार पत्रावळीपुढे मांडी घालून बसले, आणि सासूबाई आमटीचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या.

"आदी काम दावा."

"आजी, समोर तर दिसतंय."

"वरनं दिसतंय. रीत तुमास्नी ठावी हाय."

ठावी होती, म्हणूनच ठेकेदार उठला. साहेबही उठले. भिंतीपाशी सासूबाईंनी माझ्या हातात पहार दिली. माझा राग आजवर कुणाच्या उपयोगी पडला नव्हता, त्या दिवशी पडला. पहार गिलावा फोडून आत रुतली. ओढून काढली तर मागोमाग माती भुरुभुरु सांडली. साहेबांना हे आधी दिसलं नव्हतं की बघायचंच नव्हतं, देव जाणे. पण अख्खी वस्ती बघत असताना डोळेझाक करणं त्यांनाही जमलं नाही.

"भिंत उतरवा," ते म्हणाले. "पायापासून पुन्हा बांधा."

दोघंही उपाशी गेले. ठेकेदाराची कोरी पत्रावळ सासूबाईंनी उचलून घरी आणली आणि फडताळात ठेवली.

मग फलकही लागला, चांगला ठळक अक्षरांत. भिंत नव्याने उठेपर्यंत रोज पाळीपाळीने बायका काठावर बसल्या. कुणी तांदूळ निवडायचं, कुणी गोधडी शिवायचं, पण नजर सगळ्यांची भिंतीवर. भाताच्या आवणीच्या तोंडावर पूल झाला.

श्रावणात एका सकाळी जावेला कळा सुरू झाल्या. ओढा लाल पाण्याने दुथडी भरला होता. जीप पुलावर चढली तेव्हा मी तिचा हात धरून बसले होते. खाली पाणी नुसतं घुमत होतं आणि पूल जागचा हलत नव्हता. मी रडले की हसले ते आठवत नाही, पण इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. मुलगी झाली. बाळंतीण परत आली तेव्हा सासूबाईंनी दारात थांबायचं सोडून पुलावर जाऊन भाकरतुकडा ओवाळला.

बारशाला त्यांनी ठेकेदाराला आवर्जून बोलावलं. तो आला, पण पंगतीच्या टोकाला अंग चोरून बसला. सासूबाईंनी फडताळातली पत्रावळ पुसून त्याच्यापुढे मांडली. तुमचं पान राहिलं होतं, म्हणाल्या.

त्याने पत्रावळ ओळखली असावी. तो अर्धवट उठला. "आजी, आधी काम दावू का?"

सासूबाईंनी पाळण्याकडे बोट केलं.

"बगितलं," त्या म्हणाल्या. "जेवा आता."