आजाऱ्याचं ताट

आमच्या गोंडपिपरीकडच्या गावात आजाऱ्याला भाकर देणं म्हणजे घरच्यांनी त्याच्यावर पाणी सोडणं. आजाऱ्यासाठी घरोघरून पांढरा भात, तुपातला शिरा, चाळलेल्या कणकेच्या पुऱ्या यायच्या. त्याने त्या खायच्याच, नाही तर आणणारीचा अपमान. या रीतीचा मला आजही संताप येतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. बाबांच्या छातीत कळ आली म्हणून त्यांना चांद्याला नेलं. रक्तात चरबी फार झाली आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तूप बंद, पुऱ्या बंद. न चाळलेल्या ज्वारीची भाकर, सालीसकट डाळी, जवसाची चटणी, हिरवी भाजी. आता याच गोष्टींना कोलेस्टेरॉल आणि विरघळणारे तंतू अशी भारदस्त नावं आहेत. तेव्हा आईला एवढंच कळलं, की नवरा वाचवायचा असेल तर पिठातला कोंडा टाकायचा नाही.

ती रोज दळायची, मी भाकरी थापायचे. बाबा कुरकुर न करता खायचे. हळूहळू शेताच्या धुऱ्यापर्यंत चालत जाऊन येऊ लागले.

मग आत्या आली. बाबांची थोरली बहीण. घरात तिचा शब्द आईच्या वर. ताटातली भाकर पाहून तिचं डोकंच फिरलं.

"माह्या भावाले कोंडा काऊन चारून राह्यली तू?" तिने आईला विचारलं. "कोंडा ढोराले चारतेत."

आईने डॉक्टरांचं म्हणणं सांगून पाहिलं. चांद्याच्या डॉक्टरला आपल्या घरचं काय कळतं, म्हणत आत्याने चूलच ताब्यात घेतली. शेजारणींना तेवढंच हवं होतं. वाट्यांवर वाट्या येऊ लागल्या. जी ती उशाशी बसून, माझ्या हातचं एवढं तरी खा, म्हणून गळ घालायची. आणि बाबा! तळ्याच्या पाण्यावरून अख्ख्या गावाशी भांडलेला हा माणूस, बहिणीला नाही म्हणू शकला नाही. मला त्यांचाही राग आहे.

धान कापणीच्या दिवसांत ते गेले. पुऱ्यांनीच गेले, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण वाचण्याची जी थोडी आशा होती, ती या बायांनी मायेने भरवून भरवून संपवली.

तेरवीच्या पंगतीत वाढता वाढता आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. बायकोने भाकरीवर वाळवलं माझ्या भावाला, मी आले म्हणून शेवटी दोन घास सुखाचे पोटात गेले. बायका माना डोलवत होत्या. आई कोपऱ्यात बसली होती, ती उठली. तोवर नणंदेसमोर तिने कधी मान वर केली नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "मी त्यायले जगवून राह्यली होती. तुम्ही पाहुणचार केला."

आत्या मटकन खाली बसली आणि रडू लागली. तिची समजूत काढायला सगळ्या बायका धावल्या. आईजवळ कुणीच आलं नाही.